टेबलाच्या मधोमध

माझ्या सासऱ्यांच्या डाव्या चपलेची टाच उजवीपेक्षा चार मिलिमीटर जास्त झिजली आहे. हा अंदाज नाही, व्हर्नियर लावून मोजलं आहे. बाबा सगळा भार डाव्या पायावर टाकतात, एवढाच त्याचा अर्थ. उजवा गुडघा संपला आहे.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. गुडघा बदला, आणखी वर्षभर थांबलात तर डावाही जाईल. त्याला आता अकरा महिने झाले. बाबा म्हणतात, "करू की, परसों." हैदराबादेत परसों हा दोन दिवसांपासून दोन वर्षांपर्यंत कोणताही काळ असू शकतो. सासूबाई फारच मागे लागल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून अट घातली, "मृण्मयीनं मला एट-बॉलमध्ये हरवावं. त्या दिवशी तारीख घेतो."

हिमायतनगरला फय्याजभाईंचं पूल पार्लर आहे, पहिल्या मजल्यावर. बाबा पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले तेव्हापासून दर रविवारी सकाळी तिथे खेळतात. जिन्यात मधे थांबून भिंतीवरची सूचना वाचतात. ती सूचना थुंकू नये अशी आहे आणि बारा वर्षांत बदललेली नाही.

तिथे त्यांना कोणी हरवत नाही. ते चेंडू पॉकेटात घालवायची घाई करत नाहीत. आपले दोन चेंडू पॉकेटांच्या तोंडाशी बसवून वाट बंद करतात, पांढरा चेंडू तिसऱ्याच्या आड नेऊन ठेवतात आणि खुर्चीत जाऊन बसतात. समोरच्याला मारायला सरळ रेषाच उरत नाही. तो कुठेतरी मारतो, भलत्याच चेंडूला लागतं, फाउल होतो. मग पांढरा चेंडू बाबांच्या हातात येतो. हवा तिथे ठेवून मारायचा. कॉलेजची मुलं या बचावाचे व्हिडिओ काढतात. फय्याजभाई त्यांना 'ताला अंकल' म्हणतात.

मी एकोणतीस डाव हरले. पण त्यांच्या फटक्यांची वही ठेवली होती.

वहीत एक गोष्ट दिसली. चेंडू हातात आला की बाबा तो काठापासून वीतभर अंतरात ठेवतात. कधी पांढरा चेंडू मधोमध राहिलाच, तर ते उभ्या उभ्याच त्याला हलकी टिचकी मारतात आणि कशाच्या तरी आड लपवतात. बघणारे "वा" म्हणतात. टेबलावर झोकून देऊन मारलेला फटका वहीत एकही नव्हता. तसं मारायला उजवा पाय रोवावा लागतो. लांबच्या फटक्यासाठी क्यूखाली टेकवायची वेगळी काठी असते, पण ती बाबा घेत नाहीत. "काठी म्हाताऱ्यांनी घ्यावी," असं त्यांचं म्हणणं. ते एकाहत्तर वर्षांचे आहेत.

म्हणजे सगळे ज्याला डावपेच समजत होते, तो गुडघा होता. बाबांनाही हे माहीत होतं असं मला वाटत नाही.

या रविवारी आई, म्हणजे सासूबाईही आल्या, थर्मास घेऊन. मी चेंडू घालवण्यापेक्षा फाउल न करण्यावर भर दिला आणि बाबांना काठावरचे सोपे फटके देत गेले. असे फटके सोडणं त्यांच्या जिवावर येतं. त्यांनी एकेक करत आपले सातही चेंडू घालवले.

"आज सूनबाई दानधर्म करायलीय," ते खुशीत म्हणाले.

त्यांची भिंत त्यांनीच पाडली होती. आता त्यांचा फक्त आठ नंबरचा काळा उरला, डावीकडच्या कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडाशी; तो गेला की डाव त्यांचा. माझे चार शिल्लक होते. त्यातला चौदा नंबर समोर दिसत होता; तसला फटका माझा दहात सहा वेळा जातो. मी तो घेतला नाही. चौदा नुसता काठापर्यंत पाठवला आणि पांढरा टेबलाच्या मधोमध थांबवला.

बाबांना आड लपायला काही नव्हतं. टिचकी मारली तर कुठलाच चेंडू काठाला लागणार नाही, म्हणजे फाउल, आणि पांढरा माझ्या हातात. मारायचा तर काळाच. आणि काळ्याला पॉकेट आधी मोठ्याने सांगावं लागतं.

"ये तो मेरी अम्मी भी मार देते, अंकल," फय्याजभाई म्हणाले.

"मग बोलाव अम्मीला."

बाबांनी टेबलाला दोन फेऱ्या मारल्या. वाकले, हात अर्ध्यापर्यंत गेला, परत उभे राहिले. "उजेड नाही नीट इथं." फय्याजभाईंनी आणखी एक ट्यूब लावली. "खडू कुठाय?" खडू त्यांच्या हातातच होता. ते पुन्हा वाकले, या वेळी ओठ घट्ट मिटून, आणि टेबलाची कड धरून सरळ झाले.

"काठी देऊं क्या?"

"नक्को."

आईंनी थर्मासचं झाकण लावलं. "अहो, तुमच्या चपला मोजल्यात तिनं. डावी चार मिलिमीटर जास्त झिजलीय."

बाबांनी आधी चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कशानं मोजल्या?"

"व्हर्नियरनं, बाबा."

"शून्याची चूक बघितलीस आधी?"

"बघितली. नव्हती."

त्यांनी मान हलवली. त्यांच्यातल्या इंजिनिअरला मोजमाप पटलं होतं. मला चौदा नंबर न मारल्याचं थोडं वाईट वाटायला लागलं होतं. मी सांगणार होते की राहू द्या, डाव बरोबरीत सोडू. पण आईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"पॉकेट बोलो, अंकल," फय्याजभाई हळूच म्हणाले.

बाबांनी क्यू टेबलावर आडवा ठेवला, म्हणजे डाव सोडला.

"भामा, डॉक्टरला फोन लाव," ते आईंना म्हणाले. "गुडघा बदलायचाय म्हणावं. या गुरुवारीच."