जस्ताचे टब

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला आमच्या घरात सगळे जावईबापू म्हणतात. प्रयोगशाळेत तो माझा विभागप्रमुख. तिथेही मनातल्या मनात मी त्याला जावईबापूच म्हणते, कारण आयतं ताट पुढ्यात ओढायची सवय दोन्हीकडे सारखीच.

गव्हाचा वाण माझा. त्याच्यात एक जनुक असं आहे की त्याची मुळं साध्या गव्हापेक्षा जास्त जस्त शोषतात आणि ते थेट दाण्यात पोचतं. अंगात जस्त कमी पडलं की मुलांची वाढ खुंटते. ते औषधाच्या बाटलीऐवजी रोजच्या घासातून मिळावं म्हणून हा सगळा खटाटोप. संकर करा, दाणे निवडा, पुन्हा पेरा. आणि कप धुवा. जस्त मेलं कुठेही लपलेलं असतं, धुळीत, रबरी बुचात, हातमोज्यांच्या पावडरीतसुद्धा. म्हणून मी गहू वाढवायचे प्लास्टिकच्या कपांत, आणि ते कप आधी आम्लाने धुवायचे. माझ्या बोटांची सालं निघाली, पण लोकांनी मला ‘भांडीवाली बाई’ म्हणून चिडवायचं काही सोडलं नाही.

जावईबापू प्रमुख झाले आणि वाण त्यांचा झाला. वर त्याला नाव दिलं माझ्या बहिणीचं! ती बिचारी हरखून गेली. मी आईकडे तक्रार केली, तर आई म्हणाली, “घरातल्या घरातच आहे ना? मग तोंड कशाला वाकडं करतेस?” मी जेवण टाकून उठले. त्या दिवशी ठरवलं, याला असा तोंडावर आपटवीन की पुन्हा माझ्या गव्हाकडे बघायची हिंमत होणार नाही.

संधी त्यानेच आणून दिली. कुठला वाण शेतात जायचा हे ठरवणारी समिती येणार होती. तिच्यासाठी काचघर सजवायचं म्हणून त्याने माझे कप हलवले आणि पत्र्याचे नवे टब मागवले. नवे, चकचकीत, आणि वरपासून खालपर्यंत जस्ताचा मुलामा दिलेले.

मी बघतच राहिले. झाडांना घालायचं क्षारांचं पाणी किंचित आंबट असतं. मुलामा त्यात विरघळणार, ते जस्त दाण्यांत उतरणार आणि आकडे खोटे येणार, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाला शिकवतात.

“अहो, हे टब...” मी तोंड उघडलं.

“ताई, तुम्ही फक्त पाणी घालायचं बघा,” तो म्हणाला. “सजावट माझ्यावर सोडा.”

बरं. मी पाणी घातलं, अगदी मनापासून.

तुलनेसाठी साधा गहूही त्याच टबांत लावायला हवा होता. पण त्याच्या आखूड ओंब्यांनी शोभा जाते म्हणे! साध्या गव्हासाठी तो माझ्या कपांचे जुने आकडेच दाखवणार होता. मग एक टब मीच भरला, कोपऱ्यातला, दुकानातल्या गव्हाने. साहेब रोज त्याच्यावरून हात फिरवून जायचे, पण हा वेगळा गहू आहे हे त्यांना कधी कळलं नाही.

दाण्यांची तपासणी झाली आणि आकडे आभाळाला भिडले. समितीपुढे जावईबापूंची छाती फुगली होती. पहिल्या रांगेत बहीण नवी साडी नेसून बसली होती. टाळ्या ओसरल्यावर मी उभी राहिले.

“कोपऱ्यातल्या टबातल्या दाण्यांचे आकडे मी आणलेत. तेवढेच आहेत. फक्त तो गहू दुकानातला आहे. त्याच्यात हे जनुकच नाही.”

समितीच्या बाईंनी माझ्या हातातला कागद घेतला. मग त्या उठून टबापाशी गेल्या आणि आतून नख घासून बघितलं. बोट वर करून त्यांनी जावईबापूंना विचारलं, “हे जस्त आहे?”

त्याच्या कपाळावर घाम फुटला. मला आतून आनंद झाला. मग तो ते बोलला, जे ऐकायला माझे कान आसुसले होते.

“मूळ वाण ताईंचाच आहे. जनुक त्यांनी शोधलं. माझा त्यात काही हात नाही, त्यांनाच विचारा.”

“हो,” मी म्हणाले. “वाण माझा. टब त्यांचे.”

कुणीतरी मागे खुदकन हसलं. बाईंनी माझे कपांतले आकडे मागवले. लहान होते, पण खरे. वाण पुढे न्यायचा तर माझ्याच नावाने, हे तिथेच ठरलं. जावईबापूंची खुर्ची दुसऱ्या दिवशी गेली.

पण त्याआधी, समितीच्याच दिवशी संध्याकाळी, बहीण माझ्याकडे आली. तीच साडी, डोळे सुजलेले. दारातूनच म्हणाली, “ताई, टब आले त्याच दिवशी तुला कळलं होतं ना?”

“कळलं होतं.”

“मी तिथे येणार, पुढे बसणार, हेही माहीत होतं. मला तरी आधी सांगायचंस!”

“तुला सांगितलं असतं तर तू त्याला सांगितलं असतंस,” मी म्हणाले, “आणि त्याने टब बदलले असते.”

ती दारातूनच परत फिरली, आणि मी तिला हाक मारली नाही.