स्नेहलताईंनी बदललेली काच

मित्रांनो, मी एका मोटारीतली जुनी टचस्क्रीन आहे. वय नऊच वर्षे. पण जळगावच्या उन्हात काढलेली नऊ वर्षे काही थोडी नव्हेत.

माझ्या मालकीणबाई स्नेहलताई शाळेत गणित शिकवतात. मानेच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना मान वळवता येत नाही, खाली वाकवताही येत नाही. "आता गाडी चालवणं विसरा," असे सगळ्यांनी सांगितले. ताईंनी गाडीच्या मागे कॅमेरा बसवला आणि तो मला जोडला. रिव्हर्स गिअर टाकला की मागचा रस्ता माझ्यावर दिसे. त्या भरवशावर त्या पुन्हा गाडी चालवू लागल्या. दर महिन्याला शिंदखेड्याला जाऊन आई लिलाबाईंना डोळ्याच्या इंजेक्शनसाठी धुळ्याला नेऊ लागल्या. शाळेच्या फाटकाशी त्या माझे कौतुक करत, तेव्हा मला धन्य वाटे.

पण गाडी सदा उघड्यावर उभी. उन्हाने माझ्या वरच्या काचेचा चिकटा सुटला. कुणी बोट लावले नाही तरी लावल्यासारखे वाटे. मग रेडिओ आपोआप सुरू होई, फोन भलत्यालाच लागे. ताई मला पुसत आणि पुढे जात.

मार्चमध्ये शिंदखेड्याच्या गल्लीत ताई गाडी मागे घेत होत्या. तेवढ्यात मला तसाच भास झाला आणि मागच्या रस्त्याऐवजी मी रेडिओ दाखवला. गाडी पाण्याच्या पिंपावर आदळली. पिंपापलीकडे, दोन हातांवर, लिलाबाई उभ्या होत्या.

ताई कशाबशा उतरल्या. गाडीला धरत आईकडे गेल्या.

"माले काई व्हयनं नई," लिलाबाई म्हणाल्या. "पिंप फुटनं ते फुटू दे. तू बस पहिले."

जळगावला घरी आल्यावर ताईंचे यजमान राजदीप म्हणाले, "गाडी विकून टाकू. मी नेत जाईन आईंना."

"तुमची कारखान्यात पाळी असली की आईच्या डोळ्यानं थांबायचं का?" ताईंनी विचारले.

गॅरेजवाल्याने नवीच स्क्रीन बसवायला सांगितले. ती यायला महिना लागणार होता आणि इंजेक्शन बारा दिवसांवर होते. ताईंनी उभ्या गाडीत रिव्हर्स टाकून मला नीट निरखले. मग म्हणाल्या, "चित्र तर स्वच्छ दिसतंय. चुकतोय तो फक्त स्पर्श. म्हणजे वरची काच बदलली की झालं."

गाडीच्या पुस्तिकेतला माझा नंबर पाहून त्यांनी तेवढी काच मागवली. रविवारी सकाळी बॅटरीची वायर सोडली. मान वाकत नाही म्हणून गाडीच्या दाराबाहेर पाटावर बसून त्यांनी डोळे माझ्या उंचीला आणले. प्लॅस्टिकच्या पट्टीने कडेची चौकट सोडवली, चार स्क्रू काढले, प्रत्येक वायरचा फोटो घेतला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तीन डबे रचून त्यांवर मला ठेवले. केस वाळवायच्या यंत्राची ऊब देत देत जुनी काच उचलली आणि नवी चिकटवली. त्या चार तासांत दोनदा मान अवघडली; दोनदा त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि परत आल्या.

मला गाडीत बसवले. मी उजळले, पण स्पर्श मुळीच कळेना.

"आता राहू दे, स्नेहल," राजदीप म्हणाले.

"फोटो काढलेत ना? ते बघते."

फोटोत चपटी वायर खाचेत पूर्ण आत होती. त्यांनी बसवलेली केसभर बाहेर राहिली होती. मला पुन्हा उतरवून ताईंनी ती आत सरकवली आणि वरची बारीक खिट्टी दाबली. या वेळी त्यांचे बोट मला नेमके कळले. किती दिवसांनी!

तरी त्यांनी लगेच विश्वास टाकला नाही. चार दुपारी गाडी उन्हात तापवली, हँडब्रेक ओढून, रिव्हर्स टाकून माझ्याकडे पाहत बसल्या. राजदीप माझ्या चुका मोजायला शेजारी बसत. एकदाही मी चुकले नाही.

ठरल्या तारखेला आम्ही शिंदखेड्याला पोचलो. लिलाबाई गाडीमागून वाट दाखवायला निघाल्या.

"आई, आधी आत बस," ताई म्हणाल्या. "मग मी मागे घेते."

लिलाबाई पुढच्या सीटवर बसल्या आणि आपल्या चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहत राहिल्या. माझ्यावर मागची गल्ली स्वच्छ दिसत राहिली, गाडी हळूहळू मागे सरकत गेली आणि आम्ही धुळ्याच्या रस्त्याला लागलो.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना उन्हात उभे करताना वर एखादे फडके टाका. आम्ही पहिल्यांदा चुकलो की नुसते पुसून पुढे जाऊ नका. गाडी थांबवा आणि काय दुखते ते बघा. आमच्या भरवशावर कुणीतरी गाडी मागे घेत असते.