तिसऱ्या ओळीतला शुभेच्छुक

सव्वीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो मी, आणि सव्वीस वर्षांत माझ्यावर एकही केस झाली नाही. आमच्यात केस म्हणजे काय, तर तपासणीचं पथक मधेच गाडीत चढतं, माणसं आणि तिकिटं ताडून बघतं, आणि फरक निघाला की कंडक्टरची नोकरी टांगणीला लागते. माझ्या गाडीत पथक कितीदा चढलं आणि हात हलवत उतरलं. हे मी कुणालाही सांगतो, न विचारता सांगतो. त्यामुळं चौसष्टाव्या वर्षी माझं नाव दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात निघालं, तेही माझ्या सख्ख्या बहिणीसमोर, तेव्हा माझी काय गत झाली असेल ते तुम्हीच समजा.

बहीण म्हणजे न्यायमूर्ती भागिरथी भिंगारदिवे. पेपरात असं छापतात. आम्हाला ती भागी. तिसगावजवळच्या आमच्या बौद्ध वस्तीवरून शाळेत पायी गेली, माझ्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर अभ्यास केला, वकील झाली, नगरला जज झाली, मग हायकोर्ट, मग दिल्ली. दिल्लीत तिची शपथ झाली त्या दिवशी वस्तीवर चूल पेटली नाही, सगळ्यांचं जेवण विहारासमोर एकत्र झालं. अहो, आमची आई राहीबाई दुष्काळात रस्त्यावर खडी फोडायला जायची, तिची लेक ती. छाती फुगणार नाही तर काय होणार?

पहिल्यांदा जज झाली तेव्हाच भागीनं घराला एक नियम घातला होता. कुणाच्या स्टेजवर बसायचं नाही आणि कुणाची शाल अंगावर घ्यायची नाही. तीस वर्षं पाळला मी तो. सरपंचापासून खासदारापर्यंत सगळे सत्काराला बोलावून थकले, मी गेलो नाही. लोक म्हणायचे, कंडक्टर मास्तरला लई मस्ती. असू दे म्हणलं.

मग गेल्या साली राज्यातला एक पक्ष फुटला. आमच्या भागातले आमदार कल्याणराव रातोरात दुसऱ्या गटात गेले. त्यांना अपात्र करा म्हणून पहिला गट कोर्टात गेला, आणि ते प्रकरण चढत चढत दिल्लीला पाच न्यायमूर्तींपुढं पोचलं. त्या पाचांत सगळ्यात वरची आमची भागी.

तिथून जे सुरू झालं ते विचारू नका. तिनं एका गटाच्या वकिलाला अडचणीचा प्रश्न विचारला की त्या गटाचे लोक मोबाईलवर टाकायचे, ही विकली गेली. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या वकिलाला धरायची, की शिव्या देणारे बदलायचे आणि आदल्या दिवशी शिव्या देणारे तिचा फोटो हार घालून फिरवायचे. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर मी चौघांशी तरी भांडलो. एकाला तर म्हणलं, तुझ्या घरातल्या भांडणाचा निकाल तुला लावता येत नाही, तू तिला कायदा शिकवतोस व्हय.

आणि असा मी, मीच माती खाल्ली.

कल्याणरावांचा समर्थ म्हणून एक कार्यकर्ता आहे, गोड बोलणारा. तो आला आणि म्हणाला, साहेबांचा वाढदिवस आहे, फ्लेक्स लावतोय, शुभेच्छुकांत वस्तीतल्या सगळ्यांचे फोटो घेतले, मास्तर तुमचाच राहिला. मी आधी नाही म्हणलं. मग म्हणलं, फ्लेक्स म्हणजे काही स्टेज नाही आणि त्यात शालही नाही. माझ्या लेकीच्या, वृषालीच्या लग्नात फेटा बांधला होता, तो फोटो मी माझ्या हातानं मोबाईलवरून त्याला पाठवला.

दोन दिवसांनी स्टँडवर फ्लेक्स लागला. वर कल्याणराव केवढेच्या केवढे, आणि खाली शुभेच्छुकांच्या तीन ओळी. तिसऱ्या ओळीत डावीकडून दुसरा मी. बाकीच्यांच्या खाली नुसती नावं होती. माझ्या खाली लाल अक्षरांत होतं, ‘न्यायमूर्तींचे ज्येष्ठ बंधू’.

असं लिहा म्हणून मी सांगितलं नव्हतं. पण काढा म्हणूनही सांगितलं नाही. खरं सांगू का? मला बरं वाटलं. आयुष्यभर मी लोकांना ‘पुढं सरका, पुढं सरका’ म्हणत गाडीच्या दांडीला धरून उभा राहिलो, माझा फोटो कोण छापणार? आठ दिवस रोज सकाळी मी त्या फ्लेक्ससमोरच्या टपरीवर चहा प्यायला जात होतो. घरी चहा होत असताना जात होतो.

नवव्या दिवशी टीव्हीवर मीच. कल्याणरावांच्या विरोधातल्या गटाच्या वकिलानं दिल्लीत भर कोर्टात त्या फ्लेक्सचा फोटो दाखवला आणि म्हणाला, न्यायमूर्तींचे भाऊ आमदाराच्या वाढदिवसाला शुभेच्छा देतात, आम्हाला इथं न्याय कसा मिळणार? फोटो खरा की खोटा, कसा आला, जे काय असेल ते शपथेवर मांडा, असं म्हणून कोर्टानं मंगळवारची तारीख दिली. माझा फेट्यातला फोटो चॅनेलवाले गोल करून दाखवत होते. मी टीव्ही बंद केला तर शेजारच्या घरातून तोच आवाज.

त्याच दिवशी संध्याकाळी समर्थ टाईप केलेलं प्रतिज्ञापत्र घेऊन हजर. त्यात लिहिलं होतं की माझा फोटो माझ्या परवानगीशिवाय छापला. फ्लेक्स छापणारा चूक अंगावर घ्यायला तयार होता. मोबाईलमधला फोटो आपण दोघं पुसून टाकू, असं समर्थचं म्हणणं.

“मास्तर, तुमी फक्त सही करा,” समर्थ म्हणाला. “ताई वाचतात, साहेब वाचतात, तुमी पन वाचता. कुनाचं काय जातंय?”

त्याची गाडी वळते न वळते तोच विरोधी गटाचे दोघं आले. त्यांच्याकडंही कागद तयार. त्यात असं होतं की कल्याणरावांनी माझ्या मुलाला कामाला लावायचं कबूल केलं म्हणून मी फोटो दिला. मी म्हणलं, अरे बाबांनो, मला मुलगाच नाही, एक मुलगी आहे आणि ती पाथर्डीला वकिली करते. तर म्हणाले, मग पुतण्या लिहू. मी चप्पल हातात घेतली तेव्हा गेले.

दुसरा कागद मी फाडला. पहिला नाही फाडला. कपाटात ठेवला, आणि दोन दिवस तासातासाला उघडून वाचला. खोटं आहे हे मला कळत होतं. पण माझ्या एका सहीनं भागी त्या खुर्चीवर राहणार होती. सही नाही केली तर तिला उठावं लागलं असतं, आणि तिच्या नावामागं जन्मभर लागलं असतं की भावानं घालवली. सांगा, काय करायचं माणसानं? तिला विचारायची सोय नव्हती. खटला सुरू झाल्यापासून त्यातलं अक्षरही घरात बोलायचं नाही, हे तिचं आधीपासूनचं.

रविवारी दुपारी तिचा फोन येतो, आईसाठी. आला. आईशी बोलली, मग म्हणाली दादाला दे. मी वाट बघत होतो की ती विचारेल, दादा, तू दिलास का रे फोटो? रागावेल, निदान उसासा तरी टाकेल. ती म्हणाली, शुगर तपासलीस का, गोळ्या चुकवू नको. मी हो म्हणलं. तिनं फोन ठेवला.

एवढं मोठं संकट माझ्यामुळं तिच्यावर आलं आणि तिनं मला चकार शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर तो न्यायमूर्तींनी आपल्या साक्षीदाराला पढवल्यासारखा प्रकार झाला असता, हे तिला कळत होतं. मला तिथं रडू आलं. चौसष्ट वर्षांचा माणूस, आईसमोर रडलो.

आईनं रडू दिलं. मग विचारलं, “फोटू तू दिला का न्हाई दिला?”

“दिला.”

“मग त्या कागदात काय बघतूयास सारखं?”

मी कपाटातला कागद काढला आणि चुलीत घातला.

सोमवारी सकाळच्या गाडीनं पाथर्डी गाठली. वृषालीच्या टेबलाशी बसून मी माझं प्रतिज्ञापत्र माझ्या शब्दांत सांगितलं, तिनं लिहिलं. फोटो मी स्वतः पाठवला. त्याखाली काय लिहिणार ते मला माहीत नव्हतं, पण लावल्यावर मी ते वाचलं आणि काढायला सांगितलं नाही. मला बरं वाटलं. आठ दिवस मी तो बघायला जात होतो. कुणी मला काही दिलं नाही, मी काही मागितलं नाही. माझ्या बहिणीला यातलं काहीही ठाऊक नव्हतं, आणि तिनं घातलेला नियम मी मोडला.

वृषाली म्हणाली, बाबा, ‘मला बरं वाटलं’ हे कायद्याच्या दृष्टीनं गरजेचं नाही, हसतील लोक, काढू या. मी म्हणलं, तेच तर खरं कारण आहे, ते काढलं तर उरलं काय? तिनं माझ्याकडं बघितलं आणि ठेवलं. नोटरीपुढं सही केली. तिनं सगळं इंग्रजीत करून दुपारपर्यंत दिल्लीला ऑनलाइन दाखल केलं.

संध्याकाळपर्यंत वस्तीत कळलं. समर्थचा फोन आला, तो काय बोलला ते इथं सांगण्यासारखं नाही. त्याचं मला काही नाही. पण आमचा बन्सी, लहानपणापासूनचा मित्र, भागीच्या शपथेच्या दिवशी सगळ्यांत जास्त नाचलेला, तो दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

“इतक्या पिढ्यांनी आपली एक पोरगी तितवर गेली,” तो म्हणाला, “आन् तिचा पाय तिच्याच भावानं वढला. सही केली असती तर मेला असतास का?”

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मंगळवारी दहा वाजता विहारात टीव्ही लावला होता. कोर्टाचं कामकाज हल्ली थेट दिसतं. अख्खी वस्ती आली होती. आईला पुढं खुर्ची दिली, वृषाली शेजारी बसली इंग्रजीचं मराठी करून सांगायला. मी मागं भिंतीला टेकून बसणार होतो, आईनं हाक मारून पायाशी बसवलं. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं.

पाच न्यायमूर्ती आले. मधोमध भागी. केस पार पांढरे झालेत तिचे, टीव्हीवर जास्त दिसतं.

दोन्हीकडचे वकील तासभर माझ्यावरच बोलले. कल्याणरावांचा वकील म्हणाला, हा माणूस दबावाखाली आहे, त्याचं खरं धरू नका. दुसरा म्हणाला, तो आमदाराचाच माणूस आहे, अजून बरंच लपवतोय. मग कल्याणरावांचा वकील फार नम्रपणे म्हणाला की न्यायमूर्तींनी पीठावर राहावं, आमच्या पक्षाची काहीच हरकत नाही. भागीनं चष्मा काढला आणि म्हणाली, तुमची हरकत नाही हीच मला काळजीची गोष्ट वाटते. कोर्टात हसू फुटलं. विहारातही एकदोघं हसले.

मग तिनं माझं प्रतिज्ञापत्र वाचलं. सगळं. ‘मला बरं वाटलं’ तिथं ती थांबली, परत एकदा वाचलं आणि पुढं गेली. माझी मान खाली गेली ती वर येईना. भागीचं बोलणं मराठीत सांगणाऱ्या वृषालीचा आवाज तेवढा कानावर येत होता.

“हे लिहून देणारे गृहस्थ माझे थोरले भाऊ आहेत. मी त्यांना साठ वर्षं ओळखते. त्यांनी केलं ते चूक होतं. त्यांनी लिहिलंय ते खरं आहे. कोर्ट या दोन्ही गोष्टींची नोंद घेतं.”

भागी पुढं बोलत होती.

“मी कुणाची, यावर वर्षभर वाद चाललाय,” वृषाली सांगत होती. “मी त्यात पडत नाही. पण इथं न्याय मागायला आलेल्या कुठल्याही पक्षकाराला माझ्या घराबद्दल शंका घेऊन परत जावं लागू नये. माझ्या भावानं त्याच्या वाटचं केलं आहे. माझ्या वाटचं मी करते. या पीठावरून मी बाजूला होते.”

झालं. ज्याला मी इतका भ्यालो होतो ते झालं. मी तसाच गुडघ्यांत डोकं घालून बसलो. आता बन्सी बोलेल, आता कुणीतरी काहीतरी फेकून मारेल, असं वाटत होतं. टीव्हीतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. पाचही न्यायमूर्ती उठले होते आणि त्यांच्यासमोर सगळे काळे कोट, या गटाचे आणि त्या गटाचे, उभे राहून मान लववत होते.

माझ्या खांद्यावर आईचा हात पडला. आधार घेऊन ती उठत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, दोन माणसं लागतात तिला उठवायला. मला वाटलं तिला बाहेर जायचंय. तर ती टीव्हीकडं तोंड करून नीट उभी राहिली आणि पदर सारखा केला. तिच्या मागं सतरंज्यांवर सळसळ झाली. मी वळून बघितलं. सगळी वस्ती उभी राहत होती, बन्सीसुद्धा, टोपी हातात घेऊन.

मी एकटाच खाली बसलो होतो.

“ऊठ,” आई मला म्हणाली. लेकीला तिनं आजवर कधी अहोजाहो केलं नव्हतं. “जजसाहेब उठल्यात.”

मी उठून उभा राहिलो.