दूध जिन्यानेच आणावे

आठ तारखेपासून आमच्या घरी दूध यायचं कायमचं बंद झालं.

असं काहीही झालेलं नाही. दूध येतंय, कापडी पिशवी दाराच्या कडीला लटकतेय, आई पातेलं घेऊन उभी आहे आणि मी मनाने चांगला मुलगा आहे. इथून सुरू करू.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. आई, बाबा, ताई आणि मी. बिल्डिंग सात मजल्यांची, लिफ्ट एक. दूध आणायचे दूधकाका. साठीचे, बुटके, एका पायावर जरा जास्त भार देऊन चालणारे. रात्री कडीला पिशवी अडकवायची, पहाटे पावणेसहाला ते त्यात दूध टाकून जाणार. काही बदल असेल तर पिशवीत चिठ्ठी ठेवायची. ‘उद्या एक जास्त.’ ‘परवा नको, गावाला चाललो.’ सहा वर्षांत त्यांची एकही चिठ्ठी चुकली नव्हती. सहा वर्षांत मी त्यांना दोनदा पाहिलं होतं, कारण पावणेसहाला मी नसतोच. म्हणजे असतो, पण मोजण्यासारखा नाही.

एका रविवारी ताईने विषय काढला.

“खाली दुकान आहे. दूध तेच, कंपनी तीच. मग आपण वरचे पैसे नक्की कशाचे देतो? चार मजल्यांचे?”

“झोपेचे,” बाबा पेपरमागून म्हणाले.

“तुमच्या झोपेचे. मी तर पाचला उठते,” आई म्हणाली. “आणि दुकान उघडतं सातला. तोपर्यंत चहा मागू नका म्हणजे झालं.”

“पण परवडतं का, वसूल होतं का, याचा कुणी कधी विचार केलाय?”

“ह्याला करू दे ना,” बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “ऑफिसात दिवसभर अहवालच लिहितो. एक घरासाठी लिही म्हणावं.”

मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तक्रार विभागात आहे. लोक लिहितात, ‘तुमच्या लिफ्टमध्ये माझी सासू पाऊण तास अडकली होती.’ मी लिहितो, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.’ ऑफिसने जुने शिक्के टाकून दिले तेव्हा त्यातला एक मी घरी आणला. गोल, जांभळ्या शाईचा, ‘तपासले व मंजूर’. तो मी ताईच्या पुस्तकांवर, आईच्या याद्यांवर आणि एकदा झोपलेल्या बाबांच्या दंडावर मारला आहे. घरात कुणी मला जबाबदारीचं काम दिलं की माझ्या अंगात येतं. त्या संध्याकाळी मी हे टाईप केलं:

‘दूध मूल्यमापन समिती, चौथा मजला. विषय : लिफ्टमधील हादऱ्यांचा दुधावर होणारा परिणाम. महोदय, समितीच्या असे निदर्शनास आले आहे की, लिफ्टच्या हादऱ्यांमुळे दूध वाटेतच घुसळले जाऊन साधारण दुसऱ्या मजल्यावर त्यातील लोणी वेगळे होऊ लागते. तरी यापुढे दूध जिन्यानेच आणावे. सहकार्याची अपेक्षा आहे.’

खाली शिक्का. एकदम सरळ, मधोमध.

ताई वाचून इतकी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाली, “ए, हे पिशवीत टाकू नकोस हां.”

“वेडी आहेस का?” मी म्हणालो, आणि टाकलं.

मला वाटलं, काका वाचतील, हसतील, चुरगाळून टाकतील. सकाळी पिशवीत कागद नव्हता, दूध होतं. मी विसरून गेलो. आपण केलेला विनोद आपण विसरतो, यात मला तेव्हा काही चुकीचं वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात आई म्हणाली, “हल्ली दूध उशिरा येतं. सहा वाजून गेले होते आज.”

“बघा!” ताई म्हणाली. “पैसे घरपोचचे आणि वेळ त्यांच्या सोयीची.”

मी खरोखरच एक वही केली होती. तिच्यात लिहिलं, ‘वक्तशीरपणा : घसरता.’ हे मी माझ्या हाताने लिहिलंय. अक्षर चांगलं आलं होतं.

एकोणिसाव्या दिवशी मला ऑफिसच्या कामासाठी पहाटेच निघायचं होतं. लिफ्टचं बटण दाबलं आणि जिन्यातून कुणीतरी भाता ओढावा तसा आवाज आला. वाकून पाहिलं. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, वळणावर, दूधकाका पायरीवर बसले होते. शेजारी दुधाचा क्रेट. दोन्ही हातांनी गुडघा धरलेला, जणू तो उठून जाईल.

“काका, लिफ्ट बंद आहे का?”

“नाही रे बाळा, चालू आहे. तू जा, तुला उशीर होईल.”

“मग तुम्ही जिन्याने कशाला?”

“ऑर्डर आहे,” ते म्हणाले.

त्यांनी शर्टाच्या खिशातून माझा कागद काढला. तो लॅमिनेट केलेला होता.

“घामाने शाई पसरायला लागली होती,” ते म्हणाले. “म्हटलं, शिक्क्याचा कागद आहे, खराब नको व्हायला. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून करून घेतला.”

मी कागदाकडे बघत राहिलो. चकचकीत दिसत होता. इतका मान माझ्या कुठल्याही कागदाला आजवर मिळाला नव्हता, माझ्या पदवीलासुद्धा नाही.

“पण हे फक्त आमच्यापुरतं असेल ना? बाकीच्यांचं तरी लिफ्टने...”

“छे! तुमचं चांगलं दूध आणि सातव्या मजल्याचं घुसळलेलं, असं करू का मी? सगळ्यांचं जिन्याने.” ते जरा पुढे झुकले, कुणाला न सांगायचं सांगतात तसे. “आणि खरं सांगू? मला आधीपासून शंका होती. ती लिफ्ट सुरू होताना कसा हिसका देते बघ. ज्याने कुणी हे लिहिलंय ना, त्याला दुधातलं कळतं.”

इथे एक वाक्य बोलायचं होतं. ‘काका, ते मी लिहिलंय, गंमत म्हणून.’ मराठीत सहज बोलता येतं. माझ्या तोंडून निघालं ते असं: “बरं, सावकाश या.”

आणि मी लिफ्टने खाली गेलो.

त्या दिवशी एका बाईंनी तक्रार केली होती की आमच्या लिफ्टची घंटा वाजवून कुणी आलंच नाही. त्यांना उत्तर लिहिताना मी तीनदा थांबलो. संध्याकाळी घरी आलो आणि माझ्यासारखा माणूस जे करेल तेच केलं. दुसरा कागद टाईप केला. ‘समितीचा मागील आदेश रद्द करण्यात येत आहे. दूध लिफ्टने आणण्यास हरकत नाही.’ घाईत शिक्का जरा तिरका बसला. कागद पिशवीत टाकला आणि मला वाटलं, सुटलो. कुणाच्या डोळ्यांत न बघता सुटलो.

दुसऱ्या दिवशी साडेपाचपासून मी दाराला कान लावून उभा. लिफ्टचा आवाज येईना. पावलं आली, जिन्यातून. एक दमदार, एक ओढलेलं. मग दारापाशी शांतता, कागदाची खसखस, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा बेल वाजली.

बाबा उठून आले. मी बनियनवर तिथेच उभा.

“साहेब, त्रास देतो,” दूधकाका म्हणाले. “हे बघा. कुणा टवाळ पोराने आदेश रद्द केल्याचा खोटा कागद टाकलाय तुमच्या पिशवीत. मी पाहताक्षणी ओळखलं. शिक्का बघा, तिरका. खरा असा असतो.” त्यांनी लॅमिनेट केलेला कागद शेजारी धरला. “हे समितीला दाखवा. त्यांच्या नावावर कुणी असले धंदे करतंय, त्यांना कळायला हवं.”

“कुठली समिती?” बाबा म्हणाले.

“दुधाची. चौथ्या मजल्याची.”

बाबांनी दोन्ही कागद वाचले. शिक्का पाहिला. मग नकळत त्यांचा हात स्वतःच्या दंडाकडे गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मागे आई येऊन उभी होती, आईच्या मागे ताई. ताईचा हात तोंडावर. हसण्यासाठी नव्हता.

“तू टाकलास?” ती हळूच म्हणाली.

“काका,” मी म्हणालो, “ते मीच लिहिलं. दोन्ही. समिती नाहीये. गंमत होती.”

काका माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं, मी रागाची तयारी केली होती. ते कोडं सोडवत असल्यासारखे बघत होते.

“म्हणजे लिफ्टमध्ये दूध घुसळलं जात नाही?”

“नाही.”

“अजिबात?”

“पॅकबंद पिशवी असते काका. काही होत नाही.”

“हं,” ते म्हणाले. कागदावर बोटांचे ठसे उठले होते ते शर्टाच्या टोकाने पुसले आणि तो माझ्या हातात दिला. “तुमचा कागद.”

काल मी ‘बाळ’ होतो. आज ‘तुमचा’.

“वरचे तीन मजले राहिलेत ना?” मी म्हणालो. “मी देऊन येतो. तुम्ही बसा, आई चहा...”

“नको. तुम्ही द्याल, आणि सोबत अजून काहीतरी लिहून ठेवाल.”

त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट कितीही लांब असली तरी चाळीस सेकंदांत येते, असं आमच्या कंपनीच्या पत्रकात छापलेलं आहे. ती दोन मिनिटांनी आली. ती दोन मिनिटं आम्ही चौघं दारात उभे होतो आणि ते आमच्याकडे पाठ करून उभे होते. दार बंद करायचं तर तेही शोभेना.

ही सात तारीख. आठ तारखेला पिशवी रिकामी होती. फक्त आमची नाही, सगळ्या बिल्डिंगची.

दोन दिवस मी अंथरुणात पडून छत बघत काढले. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला चौकातल्या दूध केंद्रावर गेलो. काका टेम्पोमधून क्रेट उतरवून घेत होते. मला पाहिलं आणि मोजत राहिले.

“काका, माझ्यामुळे सगळी बिल्डिंग का सोडता? आमचं एकट्याचं बंद करा. गुडघ्याला डॉक्टरकडे दाखवू, मी येतो सोबत.”

“गुडघ्याचं काही नाही हो,” ते म्हणाले. “गुडघा आधीचाच गेलेला. त्याने काय नवीन ऐकलंय?”

“मग?”

त्यांनी क्रेट खाली ठेवला. इकडे तिकडे पाहिलं, दुसरे दूधवाले लांब होते.

“सातव्या मजल्यावर डॉक्टरीणबाई आहेत. पहाटे ड्युटीवर निघताना भेटायच्या. एकदा म्हणाल्या, काका, एवढं दमता कशाला, लिफ्ट आहे ना. तर मी त्यांना समजावून सांगितलं. हादरे. लोणी. दुसरा मजला. चांगली पाच मिनिटं सांगितलं. तळहातावर पिशवी हलवूनही दाखवली.” ते थांबले. “त्या हसल्या. मी मनात म्हटलं, असू दे, माणसांच्या डॉक्टर आहेत, दुधातलं त्यांना काय कळणार.”



“पाचव्या मजल्यावर मास्तरांना सांगितलं. तळमजल्यावर वॉचमनला सांगितलं. शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना, एकवीस घरं. कुणी म्हणालं नाही, काका, हे खोटं आहे. सगळे हो हो म्हणाले. आता मला कळतंय ते हो हो कसलं होतं.” त्यांनी क्रेट पुन्हा उचलला. “अजून तीन बिल्डिंगांत जातो ना मी. तिथे मी अजून शहाणा आहे.”

“मी सांगतो सगळ्यांना. दारोदार जातो. चूक माझी होती म्हणून सांगतो.”

“सांगा,” ते म्हणाले. “म्हणजे ते पुन्हा एकदा हसतील.”

तरी मी गेलो. मास्तर हसले. वॉचमन हसला, मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, भारी आहेस. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मला वाटलं होतं, ते थट्टा करताहेत. म्हणून हसले मी.” आणि दार लावून घेतलं.

आता बाबा सात वाजता दुकानात जातात. चहा सव्वासातला होतो. घरपोच दूध वसूल होतं का, हे ताईने पुन्हा विचारलं नाही. घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. म्हणजे बोलतात, भाजी वाढू का, लाईट बंद कर, एवढंच. आईने एकदा विचारलं, “ते लॅमिनेट करायला किती वेळ लागतो रे?” मी म्हणालो, दहा मिनिटं. “म्हणजे दहा मिनिटं तिथे उभे होते,” ती म्हणाली, आणि पातेल्याखालचा गॅस बारीक केला.

काल ऑफिसात काम नव्हतं, म्हणून पुढचा अर्ज लिहिला. कुठे पाठवायचा ते ठरलेलं नाही.

प्रति,
माननीय अधिकारी,
पायऱ्या व गुडघे विभाग.

विषय : चढलेल्या पायऱ्या परत मिळणेबाबत.

महोदय,

निम्नस्वाक्षरीकर्त्याच्या चुकीमुळे एका ज्येष्ठ दूधविक्रेत्यास एकोणीस दिवस सात मजले, व विसाव्या दिवशी चार मजले, प्रति मजला अठरा पायऱ्या याप्रमाणे एकूण दोन हजार चारशे सहासष्ट पायऱ्या विनाकारण चढाव्या लागल्या. तरी सदर पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांतून कमी करून अर्जदाराच्या गुडघ्यांत जमा करण्यात याव्यात. तसेच सातव्या मजल्यावर त्या पहाटे झालेले हसू, संबंधित व्यक्तीचा कोणताही दोष नसल्याने, झाल्या तारखेपासून मागे घेण्यात यावे, आणि सदर विक्रेत्यास आमच्या बिल्डिंगमध्येही पूर्ववत शहाणे घोषित करण्यात यावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
चौथा मजला.