रोज काढायचा शेगडा

मिस्त्रींच्या बायकोला जिना चढवेनासा झाला, तेव्हा तिची खाट खाली कामाच्या खोलीत आणण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. घर ते केवढं! वर एक खोली नि स्वयंपाकाचा कोपरा, खाली मिस्त्रींचं दुकान. मोडक्या खुर्च्या आणि फुगलेल्या खिडक्या ठाकठीक करण्यात त्यांची चाळीस वर्षं तिथेच गेली होती. खाट भिंतीला लागली आणि खोलीत वळायलाही जागा उरली नाही. औषधं, पाण्याचं भांडं, जेवणाचं ताट ठेवायचं तर सपाट जागा एकच, मिस्त्रींचं कामाचं टेबल. त्यावर दोन धुडं ठाण मांडून बसलेली: लाकूड जबड्यात आवळून धरणारा लोखंडी शेगडा आणि हत्यारांना धार लावायचा ग्राइंडर.

"मी कामच बंद करतो काही दिवस," मिस्त्री म्हणाले.

"आणि दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बसणार? नको बाई!" ती म्हणाली. "अहो, ठोकाठोक ऐकल्याशिवाय मला करमतं का कधी?"

तिच्यापुढे मिस्त्रींचं आजवर काही चाललं नव्हतं, ते आता काय चालणार? ठरलं असं, की दुपारपर्यंत टेबल त्यांचं. मग शेगडा आणि ग्राइंडर काढून खाली ठेवायचे, टेबल पुसायचं आणि संध्याकाळभर ते तिचं. सकाळी पुन्हा सगळं जागच्या जागी. प्रश्न उरला तो एवढाच, की रोज काढायचं आणि रोज बसवायचं सामान टेबलाला धरून ठेवायचं कशाने?

कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिस्त्रींचा शाळेपासूनचा दोस्त बसे. कुणाचंही भांडण दिसलं की मधे शिरायचं, या सवयीपायी सगळी गल्ली त्याला वॉशर म्हणायची, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

"बोल मिस्त्री. स्क्रू देऊ? जाड, लांब, एकदम दणकट."

"रोज काढायचाय रे. स्क्रू रोज काढला-घातला की लाकडातले आटे झिजतात. भोक ढिलं होतं."

"मग आरपार बोल्ट टाक, खालून नट."

"खाली खण आहेत. नट धरायला रोज टेबलाखाली सरपटत जावं लागेल. माझे गुडघे तुला ठाऊक आहेत."

वॉशरने फळीवरून एक डबी काढली आणि दातेरी नट तळहातावर ठेवला. चकतीला चार टोकदार दात, मधे आटे पाडलेली आखूड नळी. "हा खालून एकदाच ठोकायचा. दात लाकडात रुतले की जन्मात फिरत नाही. मग काय ते वरून. मुठीचा बोल्ट देतो, हाताने फिरव, पान्ह्याचीही गरज नाही. ग्राइंडर थरथरतो, त्याला स्प्रिंगचा वॉशर घाल. पण मला सांग, हे किती दिवसांसाठी हवंय? महिना-दोन महिन्यांचा प्रश्न असेल तर स्क्रूही पुरतील. उगाच टेबलाला एवढी मोठाली भोकं कशाला पाडतोस?"

परवाच डॉक्टरांनी त्यांना बाहेर बोलावून सांगितलं होतं, "दोन महिने. फार तर तीन." ते त्यांनी कुणाच्या कानावर घातलं नव्हतं. बायकोच्या नाही, परगावी असलेल्या मुलीच्याही नाही. आता पिशवीभर स्क्रू घेऊन घरी जायचं म्हणजे डॉक्टरांच्या म्हणण्याला आपण होऊन मान डोलावल्यासारखं होतं.

"वर्षानुवर्षं लागणारेय," ते म्हणाले. "आठ नट दे."

वॉशरने त्यांच्याकडे पाहिलं. मग तो आठ नट मोजून पुडीत बांधू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी खण उपसले, भोकं पाडली आणि कण्हत-कुंथत टेबलाखाली पाठीवर आडवे झाले. एकेक नट ठोकताना भुसा डोळ्यांत पडत होता. ती खाटेवरून बघत होती.

"साधे स्क्रू नव्हते का मिळाले?"

"स्क्रू टिकत नाहीत गं," टेबलाखालून मिस्त्री बोलून गेले. "दोन-तीन महिन्यांत खेळ खलास."

बोलल्यावर त्यांनी जीभ चावली. हातोडी हवेतच राहिली.

"मग पुरले असते की," ती म्हणाली.

आवाजात रागही नव्हता, रडूही नव्हतं. बाहेर येऊन तिच्या डोळ्याला डोळा देण्याची मिस्त्रींना हिंमत होईना.

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? गेले तीन दिवस तुम्ही माझ्यावर एकदाही खेकसला नाहीत. बाहेर या आता. भुसा गेला ना डोळ्यांत?"

ते बाहेर आले. तिने पदराच्या टोकाने त्यांचे डोळे पुसले आणि मग पुसतच राहिली, कारण ते काही केल्या कोरडे होईनात.

"लेकीला कळवा," ती म्हणाली. "नंतर कळलं तर ती तुम्हाला माफ करायची नाही."

मुलगी तिसऱ्या दिवशी आली. बापावर मनसोक्त चिडली, आईच्या कुशीत शिरून रडली आणि मग पदर खोचून कामाला लागली. दुपारी मिस्त्री बोल्ट सोडवत, दोघं मिळून शेगडा उचलून दाराआड ठेवत. रिकाम्या टेबलावर मग पत्ते मांडले जात. आई उघडउघड लबाडी करून जिंकायची आणि वर बापलेकींनाच रडे म्हणायची. एकदा तिला टेबलावर आडवं करून, मान कडेबाहेर घेऊन लेकीने तिचे केस धुतले. मिस्त्री कोमट पाणी ओतत होते. "अशी चैन आयुष्यात केली नाही मी," डोळे मिटून ती म्हणाली.

डॉक्टरांचे दोन महिने काही भरले नाहीत. सातव्या आठवड्यात, सकाळी, मिस्त्री एका खुर्चीचा पाय रंधत असताना ती गेली. रंध्याचा आवाज चालू होता, म्हणून तिचा श्वास थांबलेला त्यांना कळलाच नाही. चहा घेऊन आलेल्या लेकीने हाक मारली तेव्हा कळलं. हे त्यांच्या जिवाला फार लागलं. "मी चार हातांवर होतो गं," जो येईल त्याला ते सांगत. "चार हातांवर, आणि पाठ करून उभा."

"बाबा, तिला तेच ऐकायचं होतं," मुलगी म्हणे. त्यांना ते पटत नसे.

पंधरा दिवसांनी मुलगी जायला निघाली. "चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. मिस्त्रींनी हातातल्या कामांची सबब सांगितली. तिनेही जास्त ताणलं नाही. वॉशरला गाठून बाबांकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि ती गेली.

वॉशरच्या मदतीने मिस्त्रींनी खाट सुटी करून वर नेली. इतके दिवस ते खालीच, तिच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपले होते. वरच्या खोलीत खाटेच्या जागी धूळ साचली होती, खुंटीवर तिची शाल तशीच होती.

"मी थांबू का?" वॉशरने विचारलं.

"नको. दुकान उघडं टाकून आलायस."

तो जिना उतरून गेल्यावर मिस्त्रींनी केरसुणी घेऊन खोली झाडली, खिडकी उघडली, खाट जोडली. चादर मात्र त्यांना धड घालता येईना. एक टोक खोचलं की दुसरं सुटे. चाळीस वर्षं त्या चादरीची दोन टोकं तिने धरली होती. शेवटी ती तशीच सोडून ते खाटेच्या कडेवर बसले आणि, घरात कुणी नव्हतं म्हणून, मोठ्याने रडले.