कंट्रोल दाबला आणि आत्मा गप्प

टेक्निशियनला यातून काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकू. मेलेल्यांचे आत्मे बोलवणाऱ्या बाबांच्या सभागृहात पहिल्या रांगेत खुर्ची, फलकावर ‘वाणी-अभियंता’ ही पदवी आणि आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांच्या तोंडून ‘या जावईबापू!’ काम रोजचंच होतं. अंधांचे कॉम्प्युटर बोलते करण्यात त्याची हयात गेली होती. इथे आवाजाचा वेग निम्मा केला, पट्टी तळाला नेली की आत्मा तयार. “ध्यानासाठी हवंय,” बाबा म्हणाले होते. त्यानं पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं, तर खुर्ची हुकली असती.

हॉल खच्चून भरला होता. मंचावर एक काळा डबा, त्यापुढे कीबोर्ड.

“यात ना प्रोग्राम, ना टायपिंग! कीबोर्ड फक्त स्पर्शासाठी,” बाबा गरजले. “आत्म्याला रेंज लागते, आणि रेंज श्रद्धेनं येते!”

चौथ्या आठवड्यातही ताई आल्या होत्या. एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर, जन्मापासून अंध, नवरा वर्षापूर्वी गेलेला. कॉम्प्युटर त्यांना या टेक्निशियननंच शिकवला होता. त्यांनी कीबोर्डवर हात ठेवले. डबा घोगरला, “छकुलीला... बाबांच्या सेवेला दे. शाळा पुरे.”

बारा वर्षांच्या छकुलीनं आईची बाही घट्ट धरली. “आई, पप्पा असं नाही म्हणणार गं!”

पहिल्या रांगेत टेक्निशियन स्वतःच्या बुटांकडे बघत खोकला.

ताईंची करंगळी डाव्या कोपऱ्यात सरकली. यंत्राचं बोलणं थांबवायचं तर कंट्रोल दाबायचा, हा त्यानं शिकवलेला पहिला धडा.

“तिथे ती सुखा—”

शांतता.

“आत्म्याला गहिवरून आलं!” बाबा घाईनं म्हणाले.

डबा पुन्हा बोलू लागला. पुन्हा कंट्रोल. पुन्हा गप्प. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

“माझा नवरा,” ताई म्हणाल्या, “जिवंतपणी माझ्या सांगण्यावरून एकदाही गप्प बसला नाही. आता एका बटणात बसतो? सर, तुमचा खोकला ऐकलाय मी. सांगा यांना.”

तो उठला. मंचामागचा पडदा त्यानं ओढला. मांडीवर दुसरा कीबोर्ड घेतलेला शिष्य तसाच बसून राहिला. शेजारी भक्तांनी भरलेले नोंदणीचे फॉर्म होते. ताईंच्या फॉर्मवर मुलीचं लाडाचं नावही होतं.

“हा टाइप करतो, यंत्र वाचतं. पुढचा कीबोर्ड जोडू नकोस, असं बाबांनी बजावलं होतं,” तो पुटपुटला. “पण सुटी वायर माझ्यानं बघवत नाही. मी जोडून टाकला.”

“आवाज आला की तो कुठून येतो, ते विचारत जा,” ताई गर्दीला म्हणाल्या. “विचारल्यानं मेलेल्यांचा अपमान होत नाही. न विचारल्यानं मात्र जिवंत पोर जाते.”

बाहेर पायऱ्यांवर त्यानं त्यांना गाठलं. “ताई, माझं चुकलं.”

“आवाज यंत्राचा आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ऐकावासा वाटला म्हणून ऐकत राहिले.” त्यांनी मान खाली घातली. “उद्या येऊन घरच्या कॉम्प्युटरच्या आवाजाची पट्टी वर करून द्या, माझ्या हातानं होत नाही. तीन आठवडे सगळं त्याच आवाजात लावून ऐकतेय मी.”

बाबांचं सभागृह गेलं, टेक्निशियनची खुर्ची गेली. ताईंचा नवरा मात्र दुसऱ्यांदा गेला. आणि तो आवाज यानं स्वतःच्या हातानं बसवला होता.