राहीबाईच्या वीस सह्या

राहीबाईने वही टेबलावर ठेवली नाही, आपटली. गंगाधरपंतांनी भिंग उचलण्याआधीच तिने सांगून टाकलं, की शेवटची सही खोटी आहे, तेवढं कागदावर लिहून द्यावं. दीडची विट्याची गाडी गाठायची आहे.

पंत हसले नाहीत. साताऱ्याच्या कोर्टात तीस वर्षं त्यांनी खऱ्याखोट्या सह्या निवडून दिल्या होत्या, आणि खोटं काय ते घरूनच ठरवून आलेली माणसं त्यांनी ढिगानं पाहिली होती. पेन्शन घेऊन ते सांगलीला विश्रामबागेत येऊन राहिले होते. भिंतीला लागून कपाट, कपाटात वह्या, वह्यांत सह्या. पुढाऱ्यांच्या, गवयांच्या, नावाजलेल्या पैलवानांच्या. घरात दुसरं माणूस नव्हतं. चूल विझलेली होती आणि खुंटीवर एकच पंचा वाळत होता. राहीबाईने ते सगळं एका नजरेत टिपलं.

"दुसऱ्यांची नावं जपून काय मिळतं वं पंत तुमाला?"

"तुम्हीही तेच केलंय की," पंत वही उघडत म्हणाले.

"मी एकाचंच जपलंय."

पोरांच्या शाळेची रेघी वही होती ती. एका पानावर एक सही, कणकेच्या खळीनं डकवलेली. नवरा सोनं गाळायच्या धंद्यासाठी मुलूख सोडून गेला त्याला एकोणीस वर्षं झाली होती. ह्या धंद्यातली विट्याची बाकीची माणसं परमुलखात एकमेकांच्या आसऱ्यानं राहायची. हा भाऊबंदांशी भांडला आणि एकटाच पार तंजावरकडे गेला. जायच्या दिवशी उंबऱ्यात बसून त्याने एका चिठोऱ्यावर मोडीत आपलं नाव लिहून दिलं. कुणी माझ्या नावानं कागद आणला तर ह्याच्याशी ताडून बघ, म्हणाला. राहीबाईला अक्षर येत नव्हतं, पण ते वळण तिनं डोळ्यांत भरून घेतलं. पुढे दर दिवाळीला एक पत्र. मजकूर तिकडचा कुणी मराठी बोलणारा दुकानदार बाळबोधीत लिहायचा, खाली सही ह्याची. पोस्टमन पत्र वाचून दाखवायचा. मग राहीबाई सही तेवढी कातरून घ्यायची. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, तर निदान ट्रंकेत असू द्यावं.

एकोणीस पत्रांत अठरा वेळा एकच गोष्ट आली होती, पुढच्या साली येतो. ह्या दिवाळीच्या पत्रात होतं, की मी आता येत नाही, माझी वाट बघू नको, घर आप्पासोच्या हवाली करून सुखानं राहा. आप्पासो म्हणजे धाकटा दीर. राहीबाईने भर आळीत त्याच्या तोंडावर सांगितलं होतं, की हे कारस्थान तुझं आहे आणि तुझा भाऊ असं लिहिणारा नाही. आप्पासोनं देवाची शपथ घेतली, तशी ती आणखीच पेटली. म्हणून ही सांगलीची फेरी.

पंतांनी वही खिडकीशी नेली. चिठोऱ्यावर भिंग धरलं, मग एकेक पान. मागे गेले, पुढे आले. राहीबाई हातातली पिशवी कधी ह्या मांडीवर, कधी त्या मांडीवर ठेवत होती. मध्येच तिने विचारलं, की एवढं काय बघताय, शेवटचंच तेवढं बघा. पंतांनी ऐकलं नाही. भिंग खाली ठेवून ते उगाच चष्मा पुसत बसले.

"शेवटची त्यांची नाही," ते म्हणाले.

"मी काय म्हनलं?"

"पण राहीबाई, त्याच्या आधीचीही नाही."

तिने पिशवी खाली ठेवली.

पंत तिच्याशेजारी येऊन बसले. त्यांनी कोरा कागद घेतला, टाक शाईत बुडवला आणि तेच नाव मोडीत लिहिलं, एका झटक्यात, कागदावरून टाक न उचलता. मोडी अशीच धावते, म्हणाले, जो शिकलाय त्याचा हात मध्ये थांबत नाही. मग त्यांनी वही पुढे ओढली. चिठोरा आणि नंतरच्या चार सह्या अशा धावत्या आहेत. पाचव्या पत्रापासून टाक पाच-पाच ठिकाणी उचललेला आहे.

"ही लिहिलेली नाही. काढलेली आहे. कुणीतरी समोर नमुना ठेवून, रांगोळी काढावी तशी. मोडी न येणाऱ्या माणसानं."

"किती?"

"पंधरा."

बाहेर एक टांगा गेला. राहीबाई तिकडे बघतच म्हणाली, "तेजाबाचं काम असतंय त्येंचं. बोटं जळत्यात. हात गेला असंल."

जळका हात सही वेडीवाकडी करतो, पण टाक उचलत नाही, हे पंत कोर्टात शंभरदा बोलले होते. त्यांनी तोंड उघडलं. तिच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू पाहिलं.

"असेल," ते म्हणाले.

राहीबाईने त्यांच्याकडे पाहिलं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं खोटं तिला लगेच कळायचं. तिने वही आपल्याकडे घेतली आणि त्या पंधरा पानांवरून एकदा बोट फिरवलं. सुरुवातीची सही कापरी होती, शाई फुटलेली. पुढच्या सालची जरा बरी. असं करत करत हात बसत गेला होता.

तिकडे त्याने कुणी बाई ठेवली आहे, असं गाव म्हणायचं. दर पाडव्याला राहीबाई परसात उभी राहून त्या न पाहिलेल्या बाईच्या नावानं कडाकडा बोटं मोडायची. ह्या पाडव्यालाही मोडली होती.

"ह्यातली सगळ्यात चांगली कंची?"

"शेवटची," पंत म्हणाले. "अगदी बारकाईनं काढलीय."

"दमली असंल बाई ती," राहीबाई म्हणाली. "पंधरा वर्सं."

पंतांनी कोरा कागद पुढे ओढला आणि हळूच विचारलं, काय लिहून देऊ. शेवटची खोटी एवढंच लिहिलं, तर उद्या आप्पासो वही मागेल, दुसऱ्या कुणाला दाखवेल, आणि मग मागच्या चौदांचंही निघेल. राहीबाईने वही पिशवीत घातली, पदर सारखा केला.

"कायबी लिवू नगा. दीर म्हन्तोय त्ये खरं हाय. त्येनं न्हाई केलं ह्ये. तेवढं मी सांगीन त्येला."

"चहा तरी घ्या. मी टाकतो."

"ऱ्हाऊ द्या. गाडी जायाची."

पंत फाटकापर्यंत आले. तिने मागे वळून पाहिलं नाही.

स्टँडवर गाडी लागली नव्हती. कडुलिंबाखाली अकिला कासारीण बांगड्यांची टोपली मांडून बसली होती. राहीबाई तिच्यापुढे मांडी घालून बसली आणि हात पुढे केला.

"हिरव्या भर गं. दोन्ही हातांत. डझन डझन."

अकिलाने मनगट चाचपलं. एकीकडून बोलणं चालूच होतं तिचं, की मावशी, हाताचं हाड लई रुंद हाय, जरा मोठ्या मापाच्या काढते, कशा सरसर जातील.

"न्हाई. ल्हान मापाच्या काढ," राहीबाई म्हणाली. "सहजी निघाया नगंत."

अकिलाने तिची बोटं जुळवून मुठीत धरली आणि पहिली बांगडी दाबली. हाडावर कातडी पांढरी पडली. राहीबाई गाडीच्या वाटेकडे बघत राहिली.